बावीस श्रुतींचें गणित आणि मूळ साधनें : सातारा-सांगलीच्या संगीतसंशोधनाचें परीक्षण

संगीताच्या इतिहासावर मराठींत जें लिखाण होतें, त्यांत एक कोष्टक वारंवार आढळतें. एका रकान्यांत बावीस श्रुतींचीं नांवें, दुसऱ्यांत त्यांचे अपूर्णांक, आणि खालीं भरत व शार्ङ्गदेव यांच्या मतास अनुसरून तें दिलें आहे अशा अर्थाची ओळ. विद्यार्थी तें पाठ करितो, शिक्षक तें फळ्यावर लिहितो, आणि पुढचा लेखक मागच्या लेखकाच्या आधारावर तें पुन्हां छापितो. नांवें जुनीं आहेत. तीं शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरां’त आहेत. परंतु अपूर्णांक कोणत्या पोथींत, कोणत्या अध्यायांत, कोणत्या श्लोकांत आहेत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इतिहाससंशोधनांत एखादें पत्र पुढें आलें कीं आपण प्रथम विचारतों, तें कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें, आणि मूळ कोठें आहे. संगीताच्या बाबतींतच ही संवय आपण कां सोडावी, हें आम्हांस समजत नाहीं.

या कोष्टकाच्या प्रसाराचा एक मोठा भाग आपल्याच सातारा व सांगली भागांत घडला आहे, म्हणून त्याचें परीक्षण येथल्या अभ्यासकांनींच करणें उचित आहे. सांगलीचे कै. कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या हुद्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनीं १९१० सालीं पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यांतून हिंदु स्वरसप्तक व बावीस श्रुति या विषयावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. न्यायखात्यांतील अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनीं त्याच विचाराचा विस्तार करून १९१३ सालीं लंडनहून आपला ग्रंथ छापविला. प्रचलित हिंदुस्थानी संगीत व प्राचीन शास्त्र यांचा मेळ घालणें हा आपला उद्देश त्यांनीं मुखपृष्ठावरच सांगितला आहे. साताऱ्यास या मंडळींनीं ‘फिलहार्मोनिक सोसायटी’ या नांवाची संस्था चालविली. बावीस श्रुति वाजतील अशी हार्मोनियम विलायतेंत करविली. खांसाहेब अब्दुल करीमखाँ यांच्या गळ्याची साक्ष काढली. १९१६ च्या मार्चांत सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें बडोद्यास जी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तींत हें वाद्य विद्वानांपुढें मांडलें गेलें, आणि पं. विष्णु नारायण भातखंडे यांनीं त्यामागील विचारसरणीस विरोध केला. त्याच वर्षीं देवलांचें सोमनाथाच्या मतावरील पुस्तकहि निघालें.

आरंभींच सांगावयास पाहिजे कीं, देवलांविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं. ज्या काळीं संगीतशास्त्र म्हणजे दंतकथा व प्रौढी असा प्रकार होता, त्या काळीं त्यांनीं तार हातीं घेतली, लांबी मोजली, आंकडा लिहिला व तो छापून लोकांच्या टीकेस मोकळा केला. आंकडा छापणाराची चूक दाखवितां येते. नुसती थोरवी गाणाराची दाखवितां येत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तो आंकडा देवलांचा आहे. तो भरताचा किंवा शार्ङ्गदेवाचा म्हणून सांगितला जातो तेव्हां साधनांच्या दृष्टीनें दोष उत्पन्न होतो. आणि हा दोष देवलांपेक्षां त्यांच्या मागून नक्कल करणारांचा अधिक आहे.

प्रथम ग्रंथ पाहूं. भरतमुनीनें नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांत दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. दोन्ही वीणा सारख्या लावाव्या; एक तशीच ठेवावी, दुसरीचा पंचम मध्यमग्रामाच्या मानानें किंचित् उतरवावा, आणि मग त्या मानानें सर्व वीणा उतरवून घ्यावी. ही पहिली सारणा. पुन्हां तशाच रीतीनें उतरविली असतां चल वीणेचे गांधार व निषाद हे अचल वीणेच्या ऋषभ व धैवत यांस मिळतात. तिसऱ्यानें ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचम यांस मिळतात. चौथ्यानें पंचम, मध्यम व षड्ज हे अनुक्रमें मध्यम, गांधार व निषाद यांस मिळतात. याप्रमाणें दोन, तीन व चार श्रुतींचीं अंतरें सिद्ध होतात व एकंदर बावीस श्रुति भरतात. यांत कानाची परीक्षा आहे, संवादाची कसोटी आहे, क्रम आहे. परंतु एकहि अपूर्णांक नाहीं.

देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत हाच प्रयोग निराळ्या रीतीनें मांडिला. त्याच्या दोन वीणांस प्रत्येकीं बावीस तारा आहेत. पहिली तार शक्य तितकी मंद लावावी, दुसरी तिच्याहून किंचित् उंच, आणि दोहोंमध्यें तिसरा ध्वनि ऐकूं येऊं नये, अशी त्याची अट आहे. ही अटहि कानाची आहे. किंचित् म्हणजे किती, हें त्यानें सांगितलेलें नाहीं.

आतां गणित करून पाहूं. सप्तकाचे १२०० समान भाग कल्पून प्रत्येक भागास सेंट म्हणण्याचा प्रघात आहे. स्वाभाविक सप्तकांतील तीन अंतरें घेतलीं तर ९/८ हें सुमारें २०४ सेंट, १०/९ हें १८२ आणि १६/१५ हें ११२ येतें. हींच अनुक्रमें चतुःश्रुति, त्रिश्रुति व द्विश्रुति अंतरें मानिलीं म्हणजे भरताच्या चार सारणांत वीणा किती उतरली पाहिजे तें काढतां येतें. पहिली सारणा म्हणजे चार व तीन श्रुतींमधील फरक, २२ सेंट. दुसऱ्या सारणेच्या अखेर एकंदर उतार ११२ झाला पाहिजे, म्हणून ती ९० ची. तिसरीच्या अखेर १८२ व्हावयाचा, म्हणून ती ७० ची. चौथीच्या अखेर २०४, म्हणून ती पुन्हां २२ ची. भरत प्रत्येक वेळीं ‘तद्वत्’ म्हणतो. गणितांत मात्र २२, ९०, ७०, २२ असे पायऱ्यांचे उतार पडतात.

उलट सर्व श्रुति समान धराव्या तर प्रत्येक श्रुति सुमारें ५४॥ सेंटांची होते. मग तेरा श्रुतींचा पंचम ७०९ सेंटांवर पडतो, आणि कानास गोड लागणारा ३/२ चा पंचम ७०२ वर आहे. नऊ श्रुतींचा मध्यम ४९१ वर येतो, आणि ४/३ चा ४९८ वर. तेव्हां समान श्रुति मानिल्या तर संवाद बिघडतो, आणि संवाद राखिला तर समानता बिघडते. ग्रंथांतील गांठ ही अशी आहे.

कोणी म्हणेल कीं ‘तद्वत्’ या शब्दानें समान मापच सांगितलें आहे, म्हणून विषम श्रुति ग्रंथाविरुद्ध ठरतात. व्याकरण तितकें सांगत नाहीं. पाणिनीच्या पांचव्या अध्यायाच्या पहिल्या पादांतील ११५ व्या सूत्रानें वत् प्रत्यय क्रियेच्या तुल्यतेसाठीं विहित आहे. ‘ब्राह्मणवत् अधीते’ म्हणजे ब्राह्मण अध्ययन करितो तसें हा करितो. दोघे तितकींच पानें वाचतात असा अर्थ कोणी करीत नाहीं. म्हणून ‘तद्वत् उतरवावी’ याचा अर्थ त्याच रीतीनें उतरवावी असा होतो. तितकीच उतरवावी असा आग्रह त्या शब्दांत नाहीं. परंतु याच कारणानें विषम श्रुतिवाद्यांसहि त्यांत आपलें माप शोधितां येत नाहीं. ग्रंथ दोन्ही पक्षांस वाव देतो, आणि दोहोंपैकीं कोणासच प्रमाणपत्र देत नाहीं. ज्यास आंकडा हवा असेल त्यानें तो आपल्या जबाबदारीवर मांडावा.

देवलांच्या हातीं त्या काळीं कोणतीं साधनें होतीं हेंहि न्यायबुद्धीनें पाहिलें पाहिजे. रत्नाकराची पुण्याच्या आनंदाश्रमाची आवृत्ति मंगेश रामकृष्ण तेलंग यांनीं १८९६-९७ सालीं कल्लिनाथाच्या टीकेसह संपादिली होती, ती त्यांस उपलब्ध होती. कलकत्त्यास १८७९ सालीं सिंहभूपालाच्या टीकेसह स्वराध्याय निघाला होता. परंतु दोन्ही टीका एकत्र असलेली संपूर्ण आवृत्ति मद्रासजवळ अड्यार येथें १९४३ पासून निघूं लागली. नाट्यशास्त्राचें मूळ काव्यमालेंत १८९४ सालीं छापलें गेलें होतें. पण अठ्ठाविसाव्या अध्यायावरील अभिनवगुप्ताची टीका बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत १९६४ सालीं बाहेर आली. श्रुति एक, दोन, बावीस, सहासष्ट कीं अनंत, या मतमतांतरांची नोंद करणारी मतंगाची ‘बृहद्देशी’ त्रिवेंद्रमास १९२८ सालीं छापली. म्हणजे श्रुतींच्या संख्येविषयींच प्राचीनांत एकवाक्यता नव्हती, हें दाखविणारा मुख्य पुरावा देवलांच्या पुस्तकानंतर अठरा वर्षांनीं छापून निघाला. १९१० सालच्या लेखकास त्याबद्दल दोष देणें अन्यायाचें होईल. आज तेंच कोष्टक तसेंच छापणारास मात्र ही सबब नाहीं.

आंकड्याचा प्रश्न ज्या ग्रंथास खरोखर विचारतां येतो, तो निराळाच आहे. सतराव्या शतकांतील अहोबलाच्या ‘संगीतपारिजातां’त वीणेच्या तारेवर स्वरांच्या जागा सांगितल्या आहेत. या ग्रंथाचें १७२४ सालीं फारसींत भाषांतर झालें, यावरून त्याचा मान किती दूर पसरला होता तें दिसतें. सोयीसाठीं तार ३६ अंगुळें धरूं. तार षड्ज मध्यावर, म्हणजे १८ वर. दोन षड्जांच्या मध्यें मध्यम, म्हणजे २७. तारेचे तीन भाग करून पहिल्यावर पंचम, म्हणजे २४. षड्ज व पंचम यांच्या मध्यें गांधार, म्हणजे ३०. त्याच अंतराचे तीन भाग करून पहिल्यावर ऋषभ, म्हणजे ३२. पंचम व तार षड्ज यांच्या अंतराचे तीन भाग करून दोन सोडिल्यावर निषाद, म्हणजे २०. गांधार ६/५ व निषाद ९/५ आला. आजच्या भाषेंत हे दोन्ही कोमल. म्हणजे अहोबलाचें शुद्ध सप्तक हें आजच्या काफीच्या जातीचें आहे, बिलावलाच्या नव्हे. जुन्या पोथींत ‘शुद्ध गांधार’ असें वाचून आजचा शुद्ध गांधार मनांत आणणारा वाचक पहिल्याच पायरीवर घसरतो.

राहिला धैवत. तो पंचम व तार षड्ज यांच्या ‘मध्यें’ आहे असें अहोबल सांगतो. २४ व १८ यांचा मध्य २१. परंतु ऋषभ ३२ वर असतां त्याच्याशीं पंचमभावानें जुळणारा धैवत २१⅓ वर पाहिजे. आणि आजचीं बहुतेक पाठ्यपुस्तकें हाच आंकडा घेतात. त्यांचें म्हणणें असें कीं, येथें मध्य म्हणजे बरोबर निम्म्यावर नव्हे, दोहोंच्या दरम्यान. हें संभवनीय आहे. परंतु मध्यम व गांधार यांच्या जागा सांगतांनाहि ग्रंथकारानें तोच शब्द वापरिला आहे, आणि तेथें आपण सर्वजण त्याचा अर्थ बरोबर निम्मा असाच घेतों. एकाच प्रकरणांत एकाच शब्दाचे दोन अर्थ करावयाचे तर त्यास संवादाखेरीज दुसरें कारण दाखविलें पाहिजे. २१ व २१⅓ यांतील अंतर सुमारें २७ सेंटांचें आहे; म्हणजे वर काढिलेल्या प्रमाणश्रुतीपेक्षां तें मोठें आहे. एका ‘मध्य’ शब्दाच्या अर्थावर एक श्रुति जाते किंवा राहते. आणि स्वाभाविक सप्तकांतील ५/३ चा धैवत हवा असेल तर तार २१⅗ वर दाबावी लागते. ती जागा अहोबलाच्या कोणत्याहि अर्थानें निघत नाहीं.

अशा स्थळीं पोथ्यांचें महत्त्व कळतें. पारिजाताच्या जितक्या हस्तलिखित प्रती हातीं येतील तितक्यांत हा एक श्लोक पाहावा, पाठभेद आहे कीं काय तें नोंदावें, समासावर कोणी आंकडे किंवा आकृति काढिली असल्यास तिची हुबेहूब नक्कल करावी. आमच्या संग्राहक बंधूंस हें काम अर्ध्या तासाचें आहे. शंभर पानांच्या विवादापेक्षां तें अधिक उपयोगी पडेल.

ग्रंथानंतर दुसरी साक्ष नादाची. खांसाहेब अब्दुल करीमखाँ यांच्यासारख्या थोर गवयाचा सूर प्रमाण मानावा यांत वावगें कांहींच नाहीं. पण तो सूर कोणत्या काळाचें प्रमाण आहे? १९१० च्या सुमारास किराणा परंपरेंतील एक असामान्य गायक कसा स्वर लावीत असे, याचें. यादवकालीन वीणेचें तें प्रमाण होऊं शकत नाहीं. शिवाय मापन कसें झालें, राग कोणता होता, एकच स्वर किती वेळां घेतला, प्रत्येक वेळीं किती आला, हें मूळ टिपणांतच कळणार. छापील पुस्तकांत फलित असतें. टिपणवहींत प्रत्यक्ष असतें. जैराजभाई व स्टोन यांनीं १९६३ सालीं यंत्रानें केलेल्या मापनांत, एकच स्वर निरनिराळ्या कलावंतांकडून व एकाच कलावंताकडूनहि कमीजास्त उंचीवर लागतो असें आढळून आलें. यावरून देवलांचें माप खोटें ठरत नाहीं. मात्र एका स्वरास एकच अपूर्णांक चिकटविण्यापूर्वीं किती मापनें झालीं हें विचारणें प्राप्त होतें.

सुदैवानें या साक्षीदाराचा आवाज उरला आहे. खांसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका या शतकाच्या नव्हेत, पण संग्राहकांपाशीं आजहि आहेत. कांहीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या, कांहीं त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या. तबकडी ठरल्यापेक्षां जलद किंवा सावकाश फिरली तर स्वराची उंची व लय बदलते, म्हणून मूळ पट्टी कोणती हें तबकडीवरून खात्रीनें सांगतां येत नाहीं. परंतु वेग एकसारखा असेल तर सर्व स्वर एकाच प्रमाणांत सरकतात, आणि त्यांचीं परस्पर अंतरें तशींच राहतात. म्हणजे श्रुतींच्या वादापुरती तबकडी ही विश्वासार्ह साक्ष आहे. देवलांचा दावा ज्या गळ्यावर उभा होता, तोच गळा आज पुन्हां तपासतां येतो. जुन्या काळच्या फार थोड्या वादांत अशी सोय आहे.

बडोद्याच्या परिषदेविषयीं जें सांगितलें जातें त्यासहि हाच नियम लावावा. एक साधन म्हणजे परिषदेचा छापील वृत्तांत. दुसरें, खांसाहेबांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनीं लिहिलेलें विस्तृत चरित्र, जें १९७२ सालीं प्रसिद्ध झालें. पहिलें समकालीन पण संस्थेच्या बाजूचें. दुसरें गुरुभक्तीनें भारलेलें आणि घटनेनंतर ५६ वर्षांनीं छापलेलें, पण घरांतल्या माणसाचें. एकावरून कार्यक्रम व वादाचा विषय घ्यावा, दुसऱ्यावरून स्वभाव व परंपरेची आठवण घ्यावी. जेथें दोहोंत विरोध येईल तेथें दोन्ही बाजू मांडाव्या. आवडती बाजू निवडून तिलाच इतिहास म्हणूं नये.

भातखंड्यांच्या बाजूसहि एक सूचना लागू आहे. त्यांनीं हिंडून, पोथ्या उतरवून, अनेक दुर्मिळ ग्रंथ छापून आपणां सर्वांस ऋणी केलें आहे. परंतु त्यांचें ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हें १९१० सालीं ‘चतुरपंडित’ या टोपणनांवानें संस्कृत श्लोकांत निघालें. आणखी शंभर वर्षांनीं एखाद्या वाड्यांत त्याची हातीं केलेली नक्कल, पहिलें पान गळालेल्या स्थितींत, सांपडली तर कोणी ती मध्ययुगीन म्हणून वर्गणार नाहीं काय? श्लोक असणें व जुनें असणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. कागद, अक्षर, शाई, कोठून आलें याची परंपरा, आणि आंत उल्लेखिलेले ग्रंथ, हे सर्व पाहिल्याखेरीज काळ ठरवूं नये.

आतां या सर्व वादाच्या सावलींत जें राहून गेलें आहे त्याकडे वळूं. आमची मुख्य तक्रार येथेंच आहे. श्रुतींवर शाई खर्च होत असतां, या प्रांतांत प्रत्यक्ष काय गाइलें गेलें, कोणीं, कोणापुढें व कशावर, याचीं साधनें घरोघर नाहींशीं होत आहेत. वाईस सांपडलेल्या कागदांवर राजवाड्यांनीं १८९८ सालीं आपला पहिला खंड काढला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून प्रसिद्ध केला. साताऱ्यास पारसनीसांनीं संग्रह उभारिला. या थोरांचें लक्ष राजकारणावर होतें, आणि तें त्या वेळीं योग्यच होतें. पण त्यामुळें संग्राहकांस एक दृष्टि लागली ती अशी कीं, पत्र तेवढें घ्यावें आणि गाण्याचें बाड ठेवून यावें. सातारा जिल्ह्यांतील एका घरीं आम्हीं असेंच एक बाड पाहिलें. पत्रांचे रुमाल पूर्वींच कोणी नेले होते. बाड ‘यांत पदें आहेत’ म्हणून मागें राहिलें होतें. पदांच्या डोक्यावर तांबड्या शाईनें राग व ताल, कांहींवर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या पदाचे पहिले शब्द, दोन निराळे हात, आणि मधल्या एका पानावर कीर्तनाच्या बिदागीचा हिशेब. संगीताच्या इतिहासाला याहून चांगलें साधन तें कोणतें?

मात्र त्याचाहि उपयोग जपून केला पाहिजे. पदावर ‘राग काफी’ असें लिहिलें असेल तर तें नक्कल करणाराच्या काळच्या व परंपरेच्या वहिवाटीचें प्रमाण. कवीच्या काळचें नव्हे. समर्थांच्या पदावर रागाचें नांव आढळलें म्हणून समर्थांनीं तें त्या रागांत म्हटलें, असें म्हणतां येत नाहीं, जोंपर्यंत प्रतीचा काळ ठरला नाहीं. ‘चाल’ म्हणून दिलेले शब्द अधिक मोलाचे, कारण त्यांवरून त्या काळीं कोणतीं पदें लोकांच्या तोंडीं होतीं तें कळतें. तोच न्याय सांगलीच्या नाटकांस. विष्णुदास भाव्यांनीं ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यापुढें ‘सीतास्वयंवर’ केलें, आणि त्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ १८८५ सालीं छापला गेला. तो कर्त्याचाच आहे हें त्याचें बळ; प्रयोगानंतर ४२ वर्षांचा आहे ही त्याची मर्यादा. मधल्या काळांतील हस्तलिखित पदसंग्रह कोणाच्या संग्रहांत असतील तर छापील पाठाशीं ते ताडून पाहावे.

जमाखर्चाचे कागद ही आणखी एक खाण. त्यांत गवयाचें नांव, नेमणूक, बक्षीस, पोशाख, प्रसंग व तिथि मिळते. काय गाइलें तें मिळत नाहीं. बाडांत काय गाइलें तें मिळतें. कोणीं व केव्हां तें बहुधा मिळत नाहीं. लक्षणग्रंथांत नियम मिळतो, तबकडींत नाद मिळतो. यांपैकीं कोणतेंहि एक साधन दुसऱ्याचें काम करूं शकत नाहीं. मोडी वाचणारांनीं येथें विशेष सावध असावें, कारण मोडींत र्‍हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. ‘अमुक बिन अमुक’ यांतील वडिलांचें नांव जोडणारा ‘बिन’ आणि वाजविण्याची ‘बीन’ हीं दोन्ही एकसारखींच दिसतात. घाईनें वाचणारा एखाद्या पाटलास बीनकार करील, किंवा खऱ्या बीनकारास कोणाचा तरी मुलगा करून सोडील. रकाना, रक्कम व शेजारचीं नांवें पाहूनच निर्णय करावा.

वाद्येंहि बोलतात, पण सर्व सारखीं नव्हेत. मिरजेची सतार व तंबोरा यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही अभिमानाची गोष्ट आहे. तेथील कारागिरी एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. परंतु जुन्या सतारीच्या पडद्यांवरून श्रुति मोजूं जाणाराचा श्रम फुकट जाईल, कारण ते पडदे सरकतात. रुद्रवीणेचे पडदे मेणानें बसविलेले व अचल असतात. ती जर मूळ मेणासह, दुरुस्ती न होतां, राहिली असेल तर तिची मापें घेण्यासारखीं आहेत. अशी वीणा कोणाच्या संग्रहीं असेल तर तिला उजळा देण्यापूर्वीं, पडदे पुन्हां बसविण्यापूर्वीं, मेरूपासून प्रत्येक पडद्याचें अंतर मोजून लिहून ठेवावें. कारागिरांच्या घरच्या वह्या व मापाच्या पट्ट्या यांचीहि अशीच नोंद व्हावी.

यावरून आम्ही वाचकांपुढें चार कामें ठेवितों. पदांचें बाड सूचींत घालतांना ‘पदसंग्रह’ एवढ्या एका शब्दावर न थांबतां पानें, हात, कालदर्शक खूण, रागतालांचे मथळे व ‘चाली’ एवढें तरी नोंदावें. पारिजाताच्या प्रतींतील स्वरस्थानांचे श्लोक मूळ पाठासह उतरवून घ्यावे. सातारा, सांगली, मिरज येथें देवल, क्लेमंट्स किंवा साताऱ्याची ती संस्था यांचीं टिपणें, पत्रें, वाद्यें कोणाच्या माळ्यावर असतील तर रद्दींत जाण्यापूर्वीं तीं एखाद्या सार्वजनिक संग्रहांत पोंचवावीं. देवलांच्या श्रमाचा खरा न्यायनिवाडा त्यांवांचून होणार नाहीं. आणि जे शाळांसाठीं पुस्तकें लिहितात, त्यांनीं बावीस श्रुतींच्या कोष्टकाखालची ओळ बदलावी. नांवें शार्ङ्गदेवाचीं, क्रम भरताचा, अपूर्णांक विसाव्या शतकांतील संशोधकांचे, एवढें तिच्यांत असावें. त्यानें भरताचा मान कमी होत नाहीं, आणि देवलांस त्यांचें श्रेय मिळतें.